वकिलात आणि तिची भिंत

दूत अवध्य आहे, हा संकेत आपल्याकडे रामायणाइतका जुना आहे. हनुमंताला मारूं नये म्हणून बिभीषणानें रावणाला हाच संकेत सांगितला. परंतु देशांत यादवी माजली आणि परक्या राष्ट्राची वकिलात एका पक्षाची पाठिराखी झाली, म्हणजे या संकेताचें काय होतें?

१९६८ च्या जानेवारीअखेर व्हिएतनामांत टेटचा, म्हणजे नववर्षाचा, सण होता. सणापुरता युद्धविराम जाहीर झाला होता. तीच संधी साधून व्हिएतकाँग बंडखोर आणि त्यांचे उत्तरेकडील साथीदार यांनीं दक्षिणेंतील शंभरांहून अधिक शहरांवर व गांवांवर हल्ले चढविले. सायगॉन येथील अमेरिकेच्या जुन्या वकिलातीचें १९६५ सालीं बाँबच्या स्फोटानें मोठें नुकसान झालें होतें. म्हणून नवी सहा मजली इमारत उंच भिंतीआड, भक्कम अशी उभारली होती. तिला उघडून चार-पांच महिनेच झाले होते.

३१ जानेवारीस पहांटे तीनच्या सुमारास सुरुंगानें त्या भिंतीला खिंडार पडलें आणि सुमारें १९ बंडखोर आवारांत शिरले. एका पहारेकऱ्यानें मुख्य इमारतीचे जाड दरवाजे वेळींच लावून घेतले, त्यामुळें त्यांना आंत पाऊल टाकतां आलें नाहीं. उजाडल्यावर गच्चीवर हेलिकॉप्टरांतून कुमक उतरली आणि नऊच्या सुमारास झुंज संपली. पांच अमेरिकी शिपाई पडले. वकिलातीच्या चाकरींतील कांहीं व्हिएतनामीही प्राणांस मुकले. हल्लेखोरांपैकीं बहुतेक ठार झाले.

लष्करी हिशेबानें हा बंडखोरांचा पराभवच होय. परंतु ते इमारतींत घुसले, अशी चुकीची वार्ता अमेरिकेंत घरोघर पोंचली. विजय जवळ आला आहे, असें तेथील सरकार लोकांना सांगत होतें. भिंतीबरोबर त्या आश्वासनालाही खिंडार पडलें, आणि तें कोणाला बुजवितां आलें नाहीं.

३० एप्रिल १९७५ रोजीं पहांटे त्याच गच्चीवरून अमेरिकी राजदूत हेलिकॉप्टरनें निघून गेले. अमेरिकेच्या शब्दावर विसंबलेले शेंकडों व्हिएतनामी खालीं आवारांत आपल्या पाळीची वाट पाहत होते. त्यांच्यासाठीं हेलिकॉप्टर पुन्हां आलें नाहीं. दूताला संकेत राखतो, संकेत मोडला तर भिंत राखते, भिंत फुटली तर त्याचें राष्ट्र त्याला परत नेतें. त्याच्या दाराशीं आसरा घेतलेल्यांना यांतील कांहींच नसतें.