दुरुस्त्यांचा ढीग

उभं आयुष्य प्रुफं तपासण्यात गेल्यामुळे असेल, पण आपल्या राज्यघटनेचा इतिहास वाचताना माझी नजर भाषणांपेक्षा दुरुस्त्यांवर जास्त रेंगाळते. संविधान सभेच्या कामकाजाचे जाडजूड खंड उघडा. गाजलेली भाषणं त्यात आहेतच. पण पानंच्या पानं भरली आहेत ती ‘अमुक ओळीतला हा शब्द वगळावा, त्या जागी तो घालावा’ असल्या मजकुरानं. लोकांना ते रटाळ वाटतं. मला त्यात सभा कामाला बसलेली दिसते.

पहिला खर्डा घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांचा: २४३ कलमं, १३ परिशिष्टं. २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली, तिच्या हातून तो निघाला तेव्हा ३१५ कलमं आणि ८ परिशिष्टं झाली होती. अखेरीस कलमं ३९५ भरली.

समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर. ते सभेत टिकले हेच नवल. १९४६ मध्ये ते निवडून आले होते बंगालमधून. फाळणीत बंगाल दुभंगला आणि ती जागा गेली. मग ३० जून १९४७ ला राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिलं, बॅ. मुकुंदराव जयकरांनी सोडलेल्या जागेवर बाबासाहेबांना निवडून द्या म्हणून. खेरांनी ते केलं. समितीत माणसं सात, पण प्रत्यक्षात ओझं कुणावर पडलं हे टी. टी. कृष्णम्माचारींनी ५ नोव्हेंबर १९४८ ला भर सभेत सांगून टाकलं. एकानं राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, एक संस्थानाच्या कारभारात, एकदोघं दिल्लीपासून लांब. उरले बाबासाहेब, तेही प्रकृती साथ देत नसताना.

दुरुस्त्यांच्या सूचना आल्या ७,६३५ च्या आसपास. त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. यातला माझा लाडका माणूस म्हणजे पश्चिम बंगालचे वकील नझीरुद्दीन अहमद. स्वल्पविराम, मोठी अक्षरं, वाक्यरचना, कशालाही ते सोडत नसत. सभेचे उपाध्यक्ष एच. सी. मुखर्जी अध्यक्षस्थानी असले की ‘ही केवळ शाब्दिक दुरुस्ती आहे’ म्हणून कितीतरी सूचना बाजूला सारत. गृहस्थ पुढच्या कलमाला पुन्हा हजर! वैतागून त्यांनी शेवटी ‘ड्राफ्टिंग’ कमिटीचं ‘ड्रिफ्टिंग’ कमिटी असं बारसं केलं. बाबासाहेबांनी त्याचा समाचार शेवटच्या भाषणात घेतला: आम्ही उगीच गळ टाकून बसलो नव्हतो, ठाऊक असलेल्या पाण्यात हवा तोच मासा शोधत होतो. उत्तर झकास आहे. तरी माझं मन थोडं नझीरुद्दीनांकडेच झुकतं. कायद्याचा मजकूर चुकला, तर पुढच्या अंकात शुद्धिपत्र देऊन भागत नाही.

दुसरे आपले अमरावतीचे पंजाबराव देशमुख. नागरिकत्वाच्या कलमानं मसुदा समितीचं डोकं उठवलं होतं. एक कलम सोडलं तर इतका ताप कुठल्याच कलमानं दिला नाही, असं बाबासाहेबच ऑगस्ट १९४९ मध्ये म्हणाले. पंजाबरावांचं म्हणणं असं की आपण जगातलं सगळ्यात स्वस्त नागरिकत्व वाटायला निघालोय. दाखला त्यांनी मुंबईचाच दिला: एखादं जोडपं विमानानं चाललंय, विमान दोन तास मुंबईला थांबलं, बाई तिथंच बाळंत झाली, की मूल भारताचं नागरिक! कलमाच्या सुरुवातीलाच अधिवासाची अट होती, त्यामुळे दाखला मला ताणलेला वाटतो. त्यांची दुरुस्तीही माझ्या गळी उतरत नाही: दुसऱ्या कुठल्या देशाचा नागरिक नसलेला हिंदू किंवा शीख कुठंही राहत असो, त्याला भारताच्या नागरिकत्वाचा हक्क असावा, अशी तीत तरतूद होती. नागरिकत्वात धर्माचं नाव घालायला सभा राजी झाली नाही. दुरुस्ती फेटाळली गेली.

वेळ फार घेतला, पैसा फार उधळला, अशी ओरड बाहेर चालूच होती. खर्च निघाला ६३,९६,७२९ रुपये. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी इतर देशांचा हिशेबच मांडला: अमेरिकेची घटना चार महिन्यांत झाली खरी, पण कलमं सात, आणि त्यांच्यापुढं दुरुस्त्यांचा असा डोंगर नव्हता. राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना त्यांनी श्रेय दिलं. मग, पक्षाची शिस्त सगळ्यांनीच पाळली असती तर सभा नीरस झाली असती, असं म्हणत त्यांनी बंडखोरांची नावं घेतली. कामत, देशमुख, सिधवा, सक्सेना, ठाकुरदास भार्गव, के. टी. शहा, कुंझरू. त्यांच्या सूचना मी स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही, असंही बजावलं.

दुसऱ्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, सभेनं घटना स्वीकारली. ती प्रांतांच्या विधिमंडळांकडे मंजुरीसाठी धाडली गेली नाही की तिच्यावर जनमत घेतलं नाही. सभेचा ठराव हीच मंजुरी. २४ जानेवारी १९५० ला सदस्यांनी सह्या केल्या आणि २६ जानेवारीला घटना अमलात आली. मोजकी कलमं मात्र २६ नोव्हेंबरपासूनच लागू झाली होती. पंजाबराव ज्यावर भांडले होते ते नागरिकत्वाचं कलम त्यातलंच.