जावळ्यांचा जबडा

बारशाला आलेली प्रत्येक बाई पाळण्यात वाकून वाटणी करते. नाक आजोबांचं, हनुवटी आईची, कपाळ मात्र आमच्याकडचं. पाळण्यात आवळेजावळे असतील तर वाटणीला हुरूपच येतो. पण चेहऱ्यातलं रक्ताचं किती आणि खाण्यापिण्याचं, अंगठा चोखण्याचं किती, हे मोजायची युक्ती जेमतेम दीडशे वर्षांची आहे.

तिचा मूळपुरुष फ्रान्सिस गाल्टन, डार्विनचा नातलग. जुळ्यांच्या घरी प्रश्नावल्या धाडून त्याने माहिती जमवली आणि १८७५मध्ये ‘फ्रेझर्स मॅगझिन’मध्ये लेख लिहिला. त्यातले किस्से आजही वाचावेत असे. ओळख पटावी म्हणून मनगटाला फीत बांधायची, तरी एकाचं औषध दुसऱ्याच्या घशात जायचं, एकाचा मार दुसरा खायचा. एका घरात तर न्हाऊ घालताना पोरं बदलली की काय, ही शंका कधी फिटलीच नाही. गाल्टनने निकाल दिला : संगोपनापेक्षा निसर्ग बलवान. निकाल जरा घाईचाच. एका पोटात, एका घरात वाढलेली मुलं सारखी दिसली, तर श्रेय नेमकं कुणाला द्यायचं?

ही फट बुजली १९२४मध्ये. हेरमान वेर्नर सीमेन्स हा जर्मन त्वचारोगतज्ज्ञ जुळ्यांच्या अंगावरचे तीळ मोजत असे. त्याने एकबीज जुळ्यांशेजारी द्विबीज जुळी उभी केली. दोघांचं घर तेच, ताट तेच. पण द्विबीज जुळ्यांचं रक्ताचं नातं साध्या भावंडांइतकंच. मग एकबीज जोड्या जितक्या जास्त सारख्या, तितकं माप आनुवंशिकतेच्या पदरात. म्हणजे ही पद्धत उभी राहिली ती कमी सारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या जोरावर, आणि त्यांचं कौतुक मात्र कुणी करत नाही.

तीळ मोजणं सोपं. वाढता जबडा मोजायचा तर हाड दिसायला हवं आणि डोकं दर वर्षी त्याच जागी, त्याच कोनात हवं. कवट्या मोजणाऱ्यांना ही अडचण नव्हती. कवटी चुळबुळ करत नाही. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या होली ब्रॉडबेंटने कवटी धरायच्या चौकटीवरूनच जिवंत मुलांसाठी चौकट बनवली. कानांत दोन दांड्या, डोकं स्थिर, क्ष-किरणांची नळी पाच फुटांवर. त्याने ती १९३१मध्ये जाहीर केली. त्याच वर्षी जर्मनीत होफ्राथनेही स्वतंत्रपणे तसंच तंत्र मांडलं. दात सरळ करणारे डॉक्टर आज ज्याला ‘लॅटरल सेफ’ म्हणतात, ते बाजूने घेतलेलं क्ष-किरण चित्र हेच.

या कुळात एक काळी शाखाही आहे. नाझी डॉक्टर योसेफ मेंगेलेचा १९३५चा म्युनिकचा प्रबंध खालच्या जबड्याच्या पुढच्या भागावर होता, वंशानुसार फरक शोधणारा. १९३८चा दुसरा, फाटलेले ओठ आणि टाळू असलेल्या कुटुंबांवर. त्याचा गुरू फेर्शुअर हा जुळ्यांच्या अभ्यासातला नावाजलेला माणूस. १९४३मध्ये आउश्वित्झच्या छळछावणीत पोचलेला मेंगेले प्रयोगांसाठी जुळी निवडू लागला तो वेडाच्या झटक्यात नव्हे. ज्या विद्येत तो शिकला होता, तिच्याच शब्दांत तो बोलत होता. सुप्रजननाची कल्पनाही गाल्टनचीच, हे इथे आठवतं.

युद्धानंतर सेफ आणि जुळी एकत्र आली. १९५९मध्ये क्राउस हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिळ्यांची अशी चित्रं एकमेकांवर ठेवून पाहिली. एकेका हाडाचा आकार आनुवंशिकतेच्या पक्क्या ताब्यात, पण हाडं एकमेकांशी कशी जुळतात त्यात परिस्थितीचा हात मोठा, असं त्यांचं म्हणणं पडलं. ही गोष्ट मला फार पटते : विटा वारशाच्या, बांधकाम मात्र घरोघरी निराळं. १९६५मध्ये हंटरला ७२ जुळ्यांच्या अभ्यासात चेहऱ्याच्या उंचीवर आनुवंशिकतेची पकड पुढे-मागे मोजलेल्या खोलीपेक्षा घट्ट आढळली.

आता निरोगी मुलांना केवळ अभ्यासापायी वर्षानुवर्षं क्ष-किरण कुणी देणार नाही. त्याऐवजी त्रिमिती कॅमेरा आला. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०१७मध्ये जवळपास हजार जुळ्या स्त्रियांचे चेहरे तसे तपासले. आनुवंशिकतेचा ठसा गडद निघाला तो गालाच्या हाडांवर, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांत, ओठांच्या वर-खाली आणि नाकाच्या शेंड्यावर. बारशाच्या बायका नाकापासूनच सुरुवात करतात.