हवेत विरणारे संगीत आणि त्याची साधने : डच मुक्त जॅझच्या दुर्मिळ ध्वनिमुद्रिका

लेखी कागदपत्रे, शिलालेख आणि नाणी यांची इतिहासाची साधने म्हणून चिकित्सा कशी करावी, याचे नियम आता बरेच रुळलेले आहेत. कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि तो कोणाच्या दप्तरात टिकून राहिला, हे प्रश्न विचारल्यावाचून कोणताही अभ्यासक त्याचा आधार घेत नाही. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत मात्र ही सावधगिरी अनेकदा सुटते. कानावर पडणारा आवाज म्हणजे प्रत्यक्ष घटनाच होय, असा समज सहज होतो. वस्तुतः ध्वनिमुद्रण हाही एक दस्तऐवज आहे. तो कोणीतरी, कोणत्या तरी हेतूने, कोणत्या तरी संस्थेच्या साहाय्याने केलेला असतो. नेदरलँड्समध्ये १९६० नंतरच्या दोन दशकांत जे मुक्त जॅझ उदयास आले, त्याच्या दुर्मिळ ध्वनिमुद्रिकांचा विचार या दृष्टीने केल्यास त्यांच्या दुर्मिळतेचेच स्वरूप अधिक स्पष्ट होते.

मुक्त जॅझ म्हणजे ठरीव स्वरावली, ठरीव ताल आणि ठरीव आवर्तने यांची बंधने सैल करून अथवा टाकून देऊन केलेले वादन. पूर्वीच्या जॅझमध्ये वादक एखाद्या परिचित गीताच्या चौकटीत उत्स्फूर्त विस्तार करीत. येथे ती चौकटसुद्धा वादनाच्या ओघातच घडत वा मोडत असे. अशा संगीताची स्वरलिपी बहुधा नसते. त्यामुळे लिखित सिम्फनीचा अभ्यासक मूळ संहितेकडे वळू शकतो, तशी सोय येथे नाही. जे ध्वनिमुद्रित झाले नाही, त्याचे जाहिराती, वृत्तपत्रीय परीक्षणे आणि श्रोत्यांच्या आठवणी एवढेच अवशेष राहतात. सबब, ध्वनिमुद्रिकेला येथे जवळजवळ संहितेचे स्थान प्राप्त होते, आणि नेमका हाच धोक्याचा भाग होय.

या इतिहासाचा प्रारंभ बहुधा एका सुप्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेपासून केला जातो. अमेरिकन वादक एरिक डॉल्फी १९६४ च्या जूनच्या प्रारंभी नेदरलँड्समध्ये होता. २ जून रोजी हिल्व्हरसम या नभोवाणीच्या नगरात त्याचे वादन ध्वनिमुद्रित झाले. त्याच्या साथीस पियानोवर मिशा मेंगेलबर्ग, बास वाद्यावर झाक स्खोल्स आणि ड्रमवर हान बेनिंक हे तीन डच वादक होते. त्यानंतर सत्तावीस दिवसांनी, २९ जून रोजी, बर्लिनमध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी डॉल्फीचे निधन झाले. फिलिप्स उद्योगसमूहाच्या फोंटाना या शाखेने हे वादन ‘लास्ट डेट’ या नावाने प्रसिद्ध केले. ध्वनिमुद्रिकेच्या अखेरीस डॉल्फीचा बोलण्याचा आवाज येतो. संगीत ऐकून संपले की ते हवेत विरून जाते आणि पुन्हा कधीही हाती लागत नाही, असा त्याच्या उद्गारांचा आशय आहे. हे विधान टिकले ते ध्वनिमुद्रणामुळेच, हा विरोधाभास पुढील सर्व इतिहासात पुन्हा पुन्हा प्रत्ययास येतो.

साधनचिकित्सेच्या दृष्टीने येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, ‘अखेरची भेट’ असा अर्थ असलेले हे शीर्षक वस्तुस्थितीस धरून नाही. ११ जून १९६४ रोजी पॅरिसमध्ये डॉल्फीचे आणखी वादन मुद्रित झालेले आहे. मृत्यूनंतर दिलेल्या शीर्षकाने एका वादनाला निरोपाचे रूप आले, आणि श्रोते त्यात निरोप ऐकू लागले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हिल्व्हरसमच्या आदल्याच दिवशी, १ जून रोजी, याच चौघांनी आइंडहोवन येथे वाजविलेली थेलोनियस मंकची ‘एपिस्ट्रॉफी’ ही रचना ध्वनिफितीवर राहिली होती. तीच रचना हिल्व्हरसमच्या ध्वनिमुद्रिकेतही आहे. एका दिवसाच्या अंतराने केलेली ही दोन वादने शेजारी ठेवली असता, त्यांतील कोणतेही एक ‘मूळ’ मानता येत नाही, हे ध्यानात येते. तथापि एक मोठ्या कंपनीमार्फत जगभर गेले, आणि दुसरे सुमारे दहा वर्षे प्रसिद्धीविना राहिले. दोहोंच्या ऐतिहासिक वजनातील हा फरक सांगीतिक गुणांनी नव्हे, तर वितरणाच्या साधनांनी निर्माण केलेला आहे.

१९६६ साली या संगीताचा संबंध शहरातील सार्वजनिक संघर्षाशी जुळला. त्या वर्षी १३ जून रोजी ॲम्स्टरडॅममध्ये बांधकाम कामगारांच्या निदर्शनाच्या वेळी एका कामगाराचा मृत्यू झाला. ‘द टेलेग्राफ’ या वृत्तपत्राने त्याविषयी दिलेल्या बातमीने कामगार संतप्त झाले, आणि १४ जून रोजी त्यांनी त्या वृत्तपत्राच्या इमारतीवर चाल केली. सॅक्सोफोनवादक विलेम ब्रॉइकर त्या वेळी अवघा एकवीस वर्षांचा होता. त्याने या घटनेवर ‘लिटनी फॉर द फोर्टीन्थ ऑफ जून, १९६६’ ही मोठ्या वादकसमूहासाठीची रचना केली, आणि त्याच वर्षी रिलॅक्स या छापाखाली तिची ध्वनिमुद्रिका निघाली. शीर्षकातच तारीख असलेली ही ध्वनिमुद्रिका संगीताचा नमुना तर आहेच, शिवाय समकालीन घटनेची एक साक्षही आहे. दंगलीचा इतिहास लिहिणाऱ्याने तिच्याकडे दुर्लक्ष करणे म्हणजे एका पक्षाचे निवेदन वगळणे होय.

१९६७ साली मेंगेलबर्ग, बेनिंक आणि ब्रॉइकर यांनी ‘इन्स्टंट कंपोझर्स पूल’ ही संस्था स्थापन केली. तत्क्षणी रचना करणाऱ्यांचा संघ, असा तिच्या नावाचा अर्थ सांगता येईल. जे संगीत क्षणात विरून जाते असे मानले जाई, त्याच्या उपासकांनी प्रारंभीच ध्वनिमुद्रिका काढणारी संस्था उभारावी, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. या विसंगतीचे उत्तर नावातील ‘रचनाकार’ या शब्दात आहे. त्या काळी नेदरलँड्समध्ये संगीताला मिळणारी सार्वजनिक मदत मुख्यतः प्रस्थापित वाद्यवृंदांकडे आणि लिखित रचनांच्या कर्त्यांकडे वळत असे; जॅझवादकाची गणना करमणूक करणाऱ्यांत होई. उत्स्फूर्त वादन हीच रचना, आणि वादक हाच रचनाकार, असा दावा या संस्थेच्या नावाने केला. रचनाकाराजवळ दाखविण्यासाठी कृती असावी लागते. ही गरज स्वरलिपीऐवजी ध्वनिमुद्रिकेने भागविली. म्हणून या तबकड्यांकडे केवळ गेलेल्या स्वरांची आठवण म्हणून न पाहता कर्तृत्वाच्या हक्काचा दस्तऐवज म्हणून पाहणे अधिक सयुक्तिक ठरेल.

मेंगेलबर्गच्या चरित्राने या अनुमानास पुष्टी मिळते. ॲम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ वाद्यवृंदाचे १८९५ पासून अर्धशतक नेतृत्व केलेले विलेम मेंगेलबर्ग हे त्याच्या वडिलांचे चुलते. १७ नोव्हेंबर १९६९ रोजी त्याच सभागृहात तरुण संगीतकारांनी आवाज करणारी खेळणी वाजवून मैफल बंद पाडली आणि वाद्यवृंदाच्या कार्यक्रमधोरणावर जाहीर चर्चेची मागणी केली. लुई आंद्रीसेन, राइनबर्ट द लेव, पेटर स्खाट आणि यान फान फ्लायमेन यांच्यासमवेत मिशा मेंगेलबर्ग त्यात सामील होता. लिखित संगीताच्या क्षेत्रातील आणि मुक्त जॅझच्या क्षेत्रातील असंतोष येथे एकत्र आले होते.

संस्थेच्या आरंभीच्या प्रकाशनांकडे पाहता तिचे क्षेत्र किती व्यापक होते हे दिसून येते. पहिली ध्वनिमुद्रिका ब्रॉइकर आणि बेनिंक या दोघांच्या वादनाची. दुसरीत डॅनिश सॅक्सोफोनवादक जॉन चिकाई सहभागी. तिसरी ॲम्स्टरडॅमच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या तीन यांत्रिक ऑर्गनांसाठी ब्रॉइकरने योजिलेल्या संगीताची. चौथी बेनिंक आणि इंग्रज गिटारवादक डेरेक बेली यांची. अनेक वेष्टनांवर बेनिंकने स्वतः रेखाटने केली. वितरणाचे जाळे मात्र मोठ्या कंपन्यांसारखे नव्हते. याच वर्तुळातील एका तबकडीवरून प्रमाणाची कल्पना येते. जर्मन वादक पीटर ब्रोट्झमान याने मे १९६८ मध्ये ब्रेमेन येथे ‘मशीन गन’ मुद्रित केली. तिच्या आठ वादकांत ब्रॉइकर आणि बेनिंक हे दोघेही होते. तिची पहिली आवृत्ती केवळ ३०० प्रतींची होती. दुर्मिळता ही संग्राहकांनी पुढे चढविलेली किंमत नसून निर्मितीच्या अर्थव्यवस्थेचा भाग होती, हे यावरून सिद्ध होते.

आइंडहोवनची ती ध्वनिफीत अखेर याच संस्थेने पंधराव्या क्रमांकाच्या तबकडीवर प्रसिद्ध केली. तिच्या दुसऱ्या बाजूस १९७२ सालचे एक वादन आहे. त्यात मेंगेलबर्ग पियानो वाजवितो, आणि त्याचा सहवादक आहे त्याचा पाळीव पोपट. दिवंगत थोर वादकाची अप्रकाशित स्मृती आणि पोपटाची शीळ ही एकाच तबकडीच्या दोन बाजू व्हाव्यात, ही केवळ थट्टा म्हणून सोडून देता येत नाही. ज्यास डॉल्फी हवा, त्यास पोपटही घ्यावा लागतो. अवशेषपूजेस आळा घालण्याचा याहून स्पष्ट प्रयत्न क्वचितच आढळेल.

१९७० नंतर या संगीतास संस्थांचा आधार मिळू लागला. १९७१ साली उत्स्फूर्त वादन करणाऱ्यांची ‘बिम’ ही व्यावसायिक संघटना स्थापन झाली, आणि १९७४ साली ॲम्स्टरडॅममधील आउदे स्खान्स येथे तिचे सभागृह, बिमहाउस, उघडले. २००५ साली ते आय जलाशयाच्या काठी नव्या संगीतभवनात गेले. याच सुमारास मूळ संघ दुभंगला. ब्रॉइकर बाहेर पडला, आणि १९७४ साली त्याने स्वतःचा वाद्यसमूह व ‘बीव्ही-हास्ट’ हा स्वतःचा छाप सुरू केला. मतभेदाबरोबर ध्वनिमुद्रणांचा वारसाही विभागला गेला. पुढील काळाची साधने म्हणूनच नभोवाणीचे संग्रह, सभागृहाचे ध्वनिमुद्रण आणि प्रत्येक गटाची स्वतःची प्रकाशने अशी तीन ठिकाणी शोधावी लागतात.

२०१२ साली इन्स्टंट कंपोझर्स पूलची सर्व प्रकाशने ५२ सीडी आणि २ डीव्हीडींच्या एका संचात एकत्र करण्यात आली. पेट्या बेनिंकने हाताने रंगविल्या. दुर्मिळ तबकड्या अभ्यासकांस सुलभ झाल्या, हा लाभ निःसंशय मोठा आहे. परंतु ‘सर्व प्रकाशने’ म्हणजे ‘सर्व संगीत’ नव्हे. संस्थापकांनी ज्या वादनांना प्रसिद्धीयोग्य मानले त्यांची ती यादी आहे. जे वादक संस्थेच्या वर्तुळाबाहेर राहिले, ज्या संध्याकाळी कोणाजवळ यंत्र नव्हते, ज्या ध्वनिफिती कोणी जपल्या नाहीत, त्यांचा उल्लेख अशा संचात असणार नाही. संच जितका भव्य, तितका त्यातील रिक्त जागांचा विसर पडण्याचा संभव अधिक.

ब्रॉइकर २०१० साली आणि मेंगेलबर्ग २०१७ साली निवर्तले. या पिढीच्या साक्षीने ध्वनिमुद्रणातील रिकाम्या जागा भरून काढण्याचा अवधी सरत आला आहे. म्हणून प्रत्येक तबकडीबरोबर तिचे स्थळ, तारीख, मुद्रण करणारी संस्था, प्रतींची संख्या आणि प्रसिद्धीस लागलेला विलंब यांची नोंद करणे हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य ठरते. आइंडहोवन आणि हिल्व्हरसम यांच्यामध्ये अंतर एका दिवसाचे होते. त्यांच्या प्रसिद्धीत ते एका दशकाचे झाले. इतिहासकाराचे काम त्या दशकाचा हिशेब देण्याचे आहे.