हाताकडे नको, कागदाकडे बघा

१७७४. स्वित्झर्लंडमधलं ला शो-द-फों हे घड्याळजींचं गाव. पिएर जाके-द्रो यांनी मुलाच्या आणि एका सहकाऱ्याच्या मदतीने बनवलेले बाहुले बघायला रीघ लागली आहे. त्या गर्दीत तुम्हीही घुसला आहात. समोर लहान मुलाएवढा बाहुला हातात पेन्सिल धरून बसलाय. चावी दिली की त्याच्या अंगातल्या धातूच्या चकत्या फिरू लागतात. चकत्यांच्या कडा मुद्दाम खाली-वर कापलेल्या आहेत. त्यांच्यावरून सरकणारे दांडे हाताला आडवं-उभं ढकलतात, पेन्सिल टेकवतात, उचलतात. कागदावर कुत्रा उमटतो. मधेच बाहुला थांबतो आणि कागदावरची शिशाची भुकटी फुंकर मारून उडवतो. आत त्यासाठी छोटा भाता बसवला आहे.

फुंकर बसली की गर्दी हरखते. कुत्र्याकडे कोणी बघत नाही. बाहुल्याला चारच चित्रं येतात आणि त्यातली प्रत्येक रेघ चकतीच्या कडेवर आधीच कोरून ठेवली आहे. तरी सगळ्यांचे डोळे त्या हातावर खिळलेत. तुमचेही.

१९५९, जुलै. पॅरिसमधली इरिस क्लेर यांची गॅलरी. ज्याँ तँग्ली या शिल्पकाराची चित्रं काढणारी यंत्रं इथे मांडली आहेत. तुम्ही नाणं टाकता, पेन अडकवता, पट्टे खडखडतात आणि कागदभर रेघोट्या नाचू लागतात. चाकं मुद्दाम ढिली ठेवली आहेत, म्हणून एक चित्र दुसऱ्यासारखं होत नाही. त्या काळी पॅरिसात चित्रकाराच्या उत्कट फटकाऱ्याला देव मानत होते. तँग्लीने तोच फटकारा यंत्राच्या हाती दिला. कागद तुमचा, घरी न्या.

आता २०१९, व्हेनिस बिएनाले हे कलाप्रदर्शन. पारदर्शक भिंतींच्या खोलीत कारखान्यातला एक प्रचंड यांत्रिक हात उभा आहे. जमिनीवर गडद लाल, दाट पाणी पसरतंय. ते ठरलेल्या हद्दीबाहेर गेलं की कॅमेरे टिपतात. हात वळतो, टोकाला लावलेल्या फावड्यासारख्या पात्याने ते ओढून घेतो आणि भिंतींवर शिंतोडे उडतात. मधेच तो खाजवल्यासारखं करतो, लवतो, डुलतो. अशा ३२ हालचाली त्याला शिकवल्या आहेत. सुन युआन आणि पेंग यू या चिनी कलावंतांची ही कृती २०१६मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयासाठी झाली. पुढे समाजमाध्यमांवर एक गोष्ट फिरली: हे त्याचंच गळणारं तेल आहे, ते गोळा करता करता तो थकून मेला. लोक रडले. गोष्ट खोटी आहे. हात विजेवर चालत होता आणि तो लाल द्रव म्हणजे दाटपणा आणलेलं रंगीत पाणी होतं. पण रडणं खोटं नव्हतं. हाताची हालचाल माणसासारखी दिसली की आपलं काळीज हलतं, हे या दोघांना पक्कं ठाऊक होतं. इथे कागदच नाही. आपलं बघत राहणं हीच त्यांची सामग्री.

पण मला तुम्हाला न्यायचंय ते मागे, १९७९च्या सॅन फ्रान्सिस्कोत. आधुनिक कलेच्या संग्रहालयात जमिनीवर मोठा कागद अंथरलाय आणि त्यावर एक छोटी चाकांची गाडी रेघ ओढत फिरते आहे. शेजारी हॅरल्ड कोहेन आहेत. १९६६मध्ये व्हेनिसच्या त्याच प्रदर्शनात ब्रिटनचं प्रतिनिधित्व केलेला हा नावाजलेला चित्रकार १९६८मध्ये सॅन डिएगोच्या विद्यापीठात गेला आणि प्रोग्रॅमिंग शिकून बसला. ही गाडी चालवणाऱ्या त्यांच्या प्रोग्रॅमचं नाव ॲरन.

इथे वाकून बघा. गाडी आकार बंद करते, बाजूला सरकते, दुसरी मोकळी रेघ सुरू करते. रांगोळी घालणारी बाई जशी आधीची रेघ न मोडता मोकळी जागा हेरत सरकते, तशी. कोहेन यांनी ॲरनला एकही चित्र दाखवलेलं नाही. बंद आकार म्हणजे काय, आत कुठे आणि बाहेर कुठे, कोणती जागा भरली, हे नियम त्यांनी लिहिले. चित्रकाराच्या अंगवळणी पडलेलं पण तोंडाने सांगता न येणारं ज्ञान ओळीओळीने सांगायचं, हे काम त्यांनी चार दशकांहून अधिक काळ केलं. आजची चित्रं बनवणारी यंत्रं अगणित चित्रं पचवून तयार होतात. कोहेन यांनी स्वतःलाच विचारत राहून यंत्र घडवलं. म्हणून या गाडीपेक्षा तो माणूस मला फार मोठा वाटतो.

रंगाचे नियम मात्र त्यांना बरीच वर्षं सापडले नाहीत. तोवर ॲरनच्या रेखाटनांत ते स्वतः रंग भरत. १९९५मध्ये बॉस्टनच्या संगणक संग्रहालयात ॲरनचं यंत्र स्वतःच रंग कालवून चित्र रंगवू लागलं आणि गर्दी पुन्हा तिथेच अडकली. चित्र सोडून लोक यंत्रच बघत बसतात, हे कोहेन यांना खटकलं. त्यांनी रंगवणारं यंत्र बाजूला ठेवलं. शेवटच्या वर्षांत ते मोठ्या टचस्क्रीनवर, ॲरनच्या रेघांमध्ये बोटाने रंग भरत होते. २०१६मध्ये ते गेले.

२०२४. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात ॲरनचे प्रोग्रॅम पुन्हा चालू केले आहेत. पेन धरलेलं प्लॉटर यंत्र कागदावर सरकतंय आणि भोवती मोबाइल वर झालेत. तुम्ही भिंतीवरच्या माणसं-झाडांच्या चित्रापाशी जा. पुढच्या झाडाचं पान आधी काढलं आहे, म्हणून मागच्या माणसाच्या खांद्याची रेघ पानाच्या कडेशी अडून पलीकडे पुन्हा सुरू होते. पान पुढे आहे हे त्या रेघेला कळतं, कारण ते कुणीतरी तिला नीट समजावलं होतं. ती जागा शोधा आणि शेजारच्यालाही दाखवा.