चाकणची किल्लेदारी आणि शिवकालीन मुलकी अंमल

लष्करी अंमलदारांनीं मुलकी सत्तेच्या मर्यादेंत वागावें, हें तत्त्व पाश्चात्त्य राज्यशास्त्रानें आपणांस शिकविलें, असा समज आढळतो. चाकणच्या संग्रामदुर्गाचा इतिहास पाहतां तो टिकत नाहीं.

शाएस्तेखानाच्या फौजेशीं १६६० सालीं सुमारें दोन महिने झुंजल्यामुळें फिरंगोजी नरसाळ्याचें नांव सर्वश्रुत आहे. त्याच्या नेमणुकीची अट मात्र फारशी चर्चिली जात नाहीं. ग्रँट डफ १८२६ च्या आपल्या इतिहासांत सांगतो कीं, महाराजांनीं त्यास किल्ल्यावर कायम करून लगतच्या गांवांचा वसूलही त्याजकडे सोंपविला, पण दादोजी कोंडदेवाची पद्धत चालवावी, या अटीवर. म्हणजे तलवार व वसूल एका हातीं आले, तरी वसुलाचा नियम ठरविण्याचा अधिकार त्या हातीं नव्हता.

हाच कटाक्ष सभासद बखरींतही दिसतो. गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत हे एका प्रतीचे, आणि सामानाचा हिशेब कारखाननिसाकडे. शिपायास गांव तोडून न देतां वेतन वरातेनें द्यावयाचें. बखर महाराजांच्या पश्चात् लिहिलेली, म्हणून तीवर सर्वस्वीं विसंबूं नये, हा आक्षेप रास्त आहे. त्यास उत्तर समकालीन अस्सल पत्राचें.

चिपळुणाकडे छावणीस असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस महाराजांनीं लिहिलेलें पत्र अभ्यासकांस परिचित आहे. पावसाळ्याची बेगमी आधींच उधळलीत तर घोडीं मरतील व तीं तुम्हींच मारलीं असें होईल. मग कुणब्यांचे दाणे, गवत, भाजी ओढूं लागाल, आणि रयतेस मोंगल बरे वाटतील. जें हवें तें बाजारांतून विकत घ्यावें, असा त्याचा आशय आहे. दिव्याची वात उंदरानें नेऊन गवताची गंज पेटेल, इथवर ताकीद आहे. केवळ धाक न घालतां कारणें समजावून सांगणारें हें पत्र आम्हांस अंमलदारांचा पाठच वाटतो.

पुढें राजारामकालापासून सरंजाम वाढले. फौज व मुलूख एकाच सरदाराकडे वंशपरंपरा राहूं लागले, आणि सरकारच्या कारकुनाची कलम ढिली पडली. मराठी राज्याच्या उतारास हें एक मोठें कारण झालें, असें आमचें मत आहे.

आज चाकणभोंवतीं कारखाने उभे आहेत व जुने वाडे झपाट्यानें पडत आहेत. त्या परगण्यांतील देशमुख, कुळकर्णी घराण्यांचीं दप्तरें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं वसुलाचे ताळेबंद क्षुल्लक समजूं नयेत. किल्लेदाराचा हात कोठें अडविला जात असे, हें लढायांच्या वर्णनांपेक्षां त्या आंकड्यांतूनच उलगडेल.