छापखान्याचा पर्यावरणीय ताळेबंद

छापखान्याच्या शाईत नेमके काय असते, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. शाईत प्राण्यांची चरबी असते, या समजुतीमुळे एकोणिसाव्या शतकातील सनातनी मंडळी छापील पोथ्यांना हात लावीत नसत. १८३१ मध्ये छापील मराठी पंचांग काढणारे मुंबईचे गणपत कृष्णाजी यांनी त्यावर तुपाच्या शाईची तोड काढली, असे मुद्रणाच्या इतिहासात सांगितले जाते. आज प्रश्न विटाळाचा राहिलेला नाही. तो हवेचा, पाण्याचा, जंगलाचा आणि यंत्रापाशी दिवसभर उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या आरोग्याचा आहे.

लग्नपत्रिका, दिनदर्शिका, पाठ्यपुस्तके, औषधांची खोकी, निवडणुकीची पत्रके अशी बहुतेक कामे ऑफसेट पद्धतीने छापली जातात. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही, या साध्या तत्त्वावर ही पद्धत उभी आहे. प्लेटवरील मजकुराचा भाग तेलकट शाई धरतो आणि कोरा भाग ओला राहून शाई झटकतो. प्लेटवरची शाई रबरी ब्लँकेटवर आणि तिथून कागदावर उतरते. या साखळीतील प्रत्येक कडी पर्यावरणाकडून काही ना काही वसूल करते.

धुण्याचे रसायन

सर्वांत दुर्लक्षित भाग यंत्र धुण्याचा. रंग बदलताना आणि पाळी संपताना रोलर व ब्लँकेट पुसावे लागतात. अनेक लहान छापखान्यांत त्यासाठी रॉकेल किंवा पेट्रोल वापरण्याची जुनी प्रथा आहे. ही द्रव्ये झपाट्याने उडून जातात. त्यांची वाफ कामगाराच्या श्वासात जाते, तर मोकळ्या हवेत सूर्यप्रकाशात नायट्रोजनच्या ऑक्साइडशी संयोग होऊन जमिनीलगतचा अपायकारक ओझोन तयार होतो.

या निष्काळजीपणाची किंमत किती मोठी असू शकते, हे जपानमधील ओसाका येथे २०१२ मध्ये उघडकीस आले. तेथील एका प्रूफ छापणाऱ्या छापखान्यातील १७ कामगारांना पित्तनलिकेचा दुर्मीळ कर्करोग झाल्याचे आढळले. त्यांतील अनेक जण ऐन तारुण्यात होते. वायुवीजन अपुरे असलेल्या खोलीत ब्लँकेट पुसण्यासाठी ते डायक्लोरोप्रोपेन हे द्रावक दीर्घकाळ वापरीत होते. त्यानंतर, २०१४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या द्रावकाला मानवात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले.

यावरील उपाय खर्चिक नाहीत. सावकाश उडणारी वनस्पतिजन्य धुलाईद्रव्ये मिळतात. ती पुसायला थोडा अधिक वेळ लागतो, एवढीच त्यांची अडचण. द्रावकाच्या डब्याला झाकण असणे, भिजलेल्या चिंध्या बंद पिंपात ठेवणे, फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे जाणारी कामे एकामागून एक लावून धुण्याची वेळ कमी आणणे आणि हवा बाहेर फेकणारा पंखा बसविणे, एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळण्याचा प्रघात आहे. तेही हवेत उडते. त्याऐवजी अल्कोहोलविरहित द्रावणे वापरता येतात. मात्र त्यासाठी रोलरची देखभाल आणि पाण्याची कठीणता काटेकोरपणे सांभाळावी लागते. जपानमधील तोरे कंपनीने विकसित केलेल्या सिलिकॉन थराच्या प्लेटमुळे पाण्याशिवायही छपाई होते. तथापि, या प्लेट महाग असतात आणि यंत्राचे तापमान सतत नियंत्रित ठेवावे लागते.

शाई आणि प्लेट

पूर्वी छपाईची शाई जवसाच्या उकळलेल्या तेलात खलली जाई. विसाव्या शतकात तिची जागा खनिज तेलाने घेतली. तेलटंचाईच्या काळात अमेरिकेतील वृत्तपत्रांनी पर्याय शोधण्यास प्रारंभ केला आणि १९८७ मध्ये आयोवा राज्यातील ‘गॅझेट’ या दैनिकाने सोयाबीन तेलाची शाई वापरली. अशा शाईतून उडणारी द्रव्ये कमी असतात. तथापि, शाईतील रंगद्रव्य तेच राहते. त्यामुळे केवळ ‘सोया शाई’ असा शिक्का पाहून काम निर्धोक ठरत नाही.

प्लेटच्या बाबतीत मात्र खरी प्रगती झाली. पूर्वी प्रत्येक रंगासाठी फिल्म काढावी लागे आणि ती धुतलेले चांदीयुक्त पाणी बहुधा गटारात जाई. संगणकावरून थेट प्लेट तयार होऊ लागल्यापासून हा टप्पाच गळाला. वापरलेल्या प्लेट ॲल्युमिनियमच्या असल्याने त्यांना भंगारात चांगला भाव मिळतो. जुने ॲल्युमिनियम वितळवून घेण्यास नव्याच्या तुलनेत सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते.

सर्वांत मोठा वाटा कागदाचा

वजनाने पाहिल्यास छापखान्यात येणारा सर्वांत मोठा माल कागद असतो. लाकूड, पाणी व वीज हे सर्व त्याच्या निर्मितीत खर्ची पडते. उसाच्या चिपाडापासून कागद करण्याचा मार्ग तमिळनाडू न्यूजप्रिंट या कारखान्याने १९८० च्या दशकापासून चालविला आहे. पुनर्निर्मित कागदही उपलब्ध आहे. परंतु सर्वांत हिरवा कागद तो, जो वापरावाच लागला नाही.

याचा हिशेब सोपा आहे. २३ बाय ३६ इंची, ८० ग्रॅमच्या ५०० शीटच्या रिमाचे वजन सुमारे २१ किलो ४०० ग्रॅम भरते. तेच काम ७० ग्रॅमच्या कागदावर केल्यास रिमामागे जवळपास २ किलो ७०० ग्रॅम कागद वाचतो. पुस्तकाचा आकार शीटच्या मापात बसविला नाही, तर कडेची पट्टी कापून थेट रद्दीत जाते. डेमी, क्राऊन हे आकार रूढ झाले ते शीटच्या मापातूनच.

रंग जुळविताना वाया जाणारे शीट हा आणखी एक खड्डा. समजा, रंग बसेपर्यंत २०० शीट गेले. दहा हजारांच्या कामात ही नासाडी २ टक्के ठरते, हजाराच्या कामात २० टक्के. म्हणूनच थोड्या प्रतींसाठी डिजिटल छपाई अधिक शहाणपणाची. दर स्वस्त पडतो म्हणून गरजेपेक्षा अधिक प्रती छापून गोदामात ठेवण्याची सवयही याच हिशेबात धरायला हवी.

छापल्यानंतर

कागदाचा तंतू साधारण पाच ते सात वेळा पुन्हा लगद्यात जाऊ शकतो. प्लॅस्टिकचे लॅमिनेशन चढविले की ते काम अवघड होते. पीव्हीसीच्या फ्लेक्स फलकांचा प्रश्न त्याहून बिकट. केरळने २०१९ मध्ये फ्लेक्सवर बंदी घातली. छापील रद्दीत खाद्यपदार्थ बांधू नयेत, असे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये बजावले आणि २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांत तशी मनाईही केली. वडापावचा कागद त्यातून सुटत नाही.

टाकाऊ शाई, वापरलेली द्रावके, रसायनाने माखलेल्या चिंध्या आणि रिकामे डबे २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या कक्षेत येतात. ते घंटागाडीत टाकता येत नाहीत. त्यांची विल्हेवाट तळोजा, रांजणगाव येथील सामाईक केंद्रांसारख्या अधिकृत ठिकाणीच लावावी लागते. पेठेतल्या दोन यंत्रांच्या छापखान्याला हे एकट्याने पेलणारे नाही. मुद्रक संघटनांनी एकत्रित संकलनाची व्यवस्था उभारल्यास मार्ग निघू शकतो.

छपाईचे काम देताना...

- प्रतींची संख्या गरजेनुसार ठरवा. उरलेल्या प्रती शेवटी रद्दीतच जातात.
- आकार निश्चित करण्यापूर्वी मुद्रकाला शीटचे माप विचारा.
- मजकुराची तपासणी पडद्यावर पूर्ण करा. प्लेट झाल्यावर सापडलेली चूक नवी प्लेट आणि नवा कागद मागते.
- पूर्ण पानभर गडद रंग आणि लॅमिनेशन खरोखर आवश्यक आहे का, याचा विचार करा.
- यंत्र कशाने धुतले जाते, हेही विचारा. ग्राहक विचारू लागला, की मुद्रकालाही रॉकेलचा डबा बाजूला ठेवणे परवडू लागेल.