ईमेलमधली ₹ आणि ₪ ही चिन्हे बिघडली तर काय करावे?

मुंबईहून नातेवाइकाने ‘₹५०००’ असे लिहून पाठवावे आणि इथे इस्राएलमध्ये आपल्याला आकड्यापुढे रिकामा चौकोन नाहीतर प्रश्नचिन्ह दिसावे, असे होऊ शकते. आकडा बरोबर येतो, पण रुपये की शेकेल ते कळत नाही. एका शेकेलचे वीसहून जास्त रुपये होतात, तेव्हा हा घोळ महागात पडतो.

असे का होते? कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, नंबर कळतो. कोणता नंबर म्हणजे कोणते अक्षर, याचा तक्ता ठरलेला असतो. पूर्वी वेगवेगळ्या लिप्यांचे तक्ते वेगळे होते. विंडोजच्या हिब्रू तक्त्यात १६४ नंबर म्हणजे ₪, तर पश्चिम युरोपच्या एका तक्त्यात तोच नंबर म्हणजे युरो! आता ‘युनिकोड’ हा सर्व भाषांचा एकच तक्ता आहे. त्यात ₪ हे चिन्ह बऱ्याच आधीपासून आहे. ₹ हे चिन्ह मात्र भारत सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते युनिकोडमध्ये आले. म्हणून त्याआधीच्या, अपडेट न केलेल्या जुन्या कॉम्प्युटरला ते बहुधा ओळखता येत नाही.

काय दिसते त्यावरून उपाय ठरतो:

१. रिकामा चौकोन: बहुधा चिन्ह नीट पोचले आहे, पण आपल्या फॉन्टमध्ये ते नाही. तोच ईमेल नव्या फोनवर उघडून बघा.

२. एका चिन्हाच्या जागी दोन-तीन विचित्र अक्षरे: तक्ता चुकीचा लागला आहे. मेनूमध्ये ‘एन्कोडिंग’ (हिब्रूत ‘किदुद’) असेल तर तिथे ‘यूटीएफ-८’ निवडा. जमले नाही तर घरातल्या मुलांना सांगा.

३. प्रश्नचिन्ह: बहुतेक वेळा मूळ चिन्ह वाटेतच गेलेले असते. ते परत येत नाही. पाठवणाऱ्याला विचारून घ्या.

हिब्रू मजकुरात चिन्ह आकड्याच्या दुसऱ्या बाजूला दिसले तर घाबरू नका. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून तसे होते. रक्कम बदलत नाही.

सगळ्यात सोपे म्हणजे पैशांबद्दल लिहिताना चिन्हावर विसंबू नका. ‘५००० रुपये, अक्षरी पाच हजार रुपये’ असे शब्दांत लिहा. आणि आलेल्या ईमेलमध्ये चिन्ह स्पष्ट नसेल, तर फोन करून खात्री झाल्याशिवाय पैसे पाठवू नका.